शाळा दुसऱ्या गावाला जोडली जातेय? पालकांनी काय तपासावं, काय मागावं

पैठण तालुक्यातल्या पाचोड आणि आसपासच्या गावांतले पालक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत असतात. ‘आमच्या वस्तीची शाळा मोठ्या गावात विलीन करणार म्हणतात, खरं का?’ ‘आठवीनंतर पोरीला नेमक्या कोणत्या शाळेत घालायचं, आमचं गाव कुठल्या हायस्कूलला जोडलंय?’ ‘पाचोडच्या शाळेनं आमची पोरं घेतली नाहीत तर?’ कुणी चावडीवर ऐकलेलं सांगतं, कुणी मोबाइलवर फिरणारं पत्र दाखवतं. मग शाळेसमोर दोन तट पडतात. एक म्हणतो शाळा हलू देणार नाही, दुसरा म्हणतो एकाच गुरुजीच्या शाळेत पोरं ठेवून करायचं काय. ज्या मुलांचं चालत जायचं अंतर वाढणार आहे त्यांचा विषय त्या गदारोळात मागं पडतो. म्हणून हा लेख. यात फक्त निर्णय घेताना आणि अर्ज करताना लागेल तेवढंच दिलं आहे.

हायस्कूलला हद्द नसते, पण मुलाची शाळा बदलते ती कशानं?

अमेरिकेत तुमचा पत्ता कोणता, त्यावर तुमचं सरकारी हायस्कूल ठरतं. नकाशावर रेघ असते, ती रेघ हलवायची ठरली की सभा गाजतात, आणि तिथं राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही घर घेताना आधी शाळेची हद्द बघावी लागते. आपल्याकडे तसं नाही. ग्रामपंचायतीची हद्द आहे, पोलीस ठाण्याची आहे, जिल्हा परिषद गटाची आहे, हायस्कूलची नाही. त्यामुळे ‘तुम्ही आमच्या हद्दीतले नाही’ हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. जागा असेल तर कुठल्याही गावचं मूल कुठल्याही शाळेत प्रवेश मागू शकतं.

तरीही मुलाची शाळा बदलते. ती पुढच्यांपैकी एका मार्गानं बदलते, आणि तुमच्याबाबतीत नेमकं काय चाललं आहे हे पहिल्याच दिवशी ओळखणं फार महत्त्वाचं आहे:

- समायोजन: कमी पटाची शाळा बंद करून तिची मुलं जवळच्या शाळेत दाखल करणं. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ जिल्हा परिषद शाळांची यादी निघाली होती ती याच प्रकारची.
- समूह शाळा: आसपासच्या अनेक लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करणं. शिक्षण आयुक्तालयाच्या २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्रानं असे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात असल्याचं त्या वेळी सांगितलं गेलं. त्यांत शिकणारी मुलं होती १ लाख ८५ हजारांवर. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ इथले प्रयोग नमुना म्हणून पुढं केले गेले.
- शिक्षकपद जाणं: शाळा कागदावर चालू राहते, पण संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकपदं मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, पद मंजूर होत नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या वर्गांवर, विशेषतः सहावी ते आठवीच्या, हेच संकट आलं. शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली.
- वर्ग जोडणं किंवा तोडणं: चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी जोडणं, सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी जोडणं, किंवा असा वर्ग बंद करून मुलं हायस्कूलकडे देणं.
- संस्थेनं शाळा हलवणं: खासगी संस्थेनं आपली मान्यताप्राप्त शाळा दुसऱ्या जागी नेणं. शासनाच्या परवानगीशिवाय हे होत नाही.

मुख्याध्यापकांना थेट विचारा: यातलं कोणतं? आदेश आला आहे की नुसती माहिती मागवली आहे? आदेश असेल तर क्रमांक आणि दिनांक काय? पुष्कळदा वरून माहितीचा तक्ता मागवलेला असतो आणि गावात बातमी पसरते की शाळा बंद झाली. याच्या उलटही घडतं. प्रस्ताव वर जातो आणि पालकांना जूनमध्ये कळतं. प्रस्तावाच्या टप्प्यावर तुमचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आदेश निघाल्यावर तोच अर्ज अपील होतो, आणि अपिलाला वेळ लागतो.

आठवीपर्यंत कायदा, नववीपासून धोरण

पालकांच्या अर्जांत सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. दहावीच्या मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेतला जातो आणि अधिकारी एका वाक्यात अर्ज निकाली काढतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीसाठी आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. नवी शाळा काढण्यासाठी किमान वीस मुलांची अट त्याच नियमांत आहे. पण छोट्या वस्तीत शाळा देता येत नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करण्याची जबाबदारीही तिथंच शासनावर टाकलेली आहे. पहिली अट सगळ्यांना पाठ असते. दुसरी तुम्ही अर्जात लिहा.

नववी-दहावीला हा कायदा पोहोचत नाही. तिथं धोरण आहे. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानानं प्रत्येक वस्तीपासून ५ किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा हे उद्दिष्ट धरलं, आणि २०१८ पासून ते अभियान समग्र शिक्षा योजनेत सामील झालं. हे उद्दिष्ट आहे, कायद्यानं दिलेला हक्क नाही. म्हणून नववी-दहावीच्या अर्जात ‘कायद्याचा भंग झाला’ असं न लिहिता ‘शासनाच्या स्वतःच्या अंतराच्या निकषात आमची वस्ती बसत नाही, म्हणून वाहतुकीची सोय द्यावी’ असं लिहा.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो फार थोड्या पालकांना माहीत असतो. मुलाला किंवा मुलीला ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे वयाच्या १८ वर्षांपर्यंत परिसरातल्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याच कायद्यात दिव्यांग मुलांसाठी वाहतुकीच्या सोयीची तरतूद आहे. शाळा लांब जाणार असेल तर असं एक मूलही तुमच्या वस्तीत असलं तरी त्याचा अर्ज वेगळा, त्याच्या प्रमाणपत्रासह द्या. सामूहिक अर्जात तो बुडू देऊ नका.

मराठवाड्याची आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी. इथं जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कुलं आहेत, ज्यांना आपण प्रशाला म्हणतो. हैदराबाद संस्थानातल्या सरकारी शाळांचा तो वारसा. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण बहुतेक खासगी संस्थांकडे गेलं, तसं आपल्याकडे पूर्णपणे झालं नाही. याचा व्यवहारात फायदा असा की प्रशालेबाबतचा प्रश्न तुम्ही थेट जिल्हा परिषदेला, तुमच्या निवडून दिलेल्या सदस्याला विचारू शकता. खासगी अनुदानित शाळा असेल तर संस्था आणि शिक्षणाधिकारी, अशी दोन दारं ठोठवावी लागतात.

अंतर स्वतः मोजा

कार्यालयातला अंतराचा आकडा पुष्कळदा अंदाजानं भरलेला असतो, नाहीतर नकाशावर दोन टिंबांमध्ये सरळ रेघ ओढून काढलेला असतो. मूल सरळ रेघेत चालत नाही.

पाचोडचंच घ्या. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. चौपदरी रस्त्यापलीकडची शेतवस्ती नकाशावर शाळेपासून हाकेच्या अंतरावर दिसते, पण मुलानं रस्ता ओलांडायचा कुठून? भुयारी मार्ग किंवा पूल असेल तिथपर्यंत चालत जायचं, पलीकडे जायचं, परत यायचं. गल्हाटी नदीच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीचं पावसाळ्यात तेच. काळ्या मातीचा पाणंद रस्ता जुलैत पायाखाली राहत नाही. ऊस उभा असतो तेव्हा दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेल्या पिकातून एकट्या मुलीला संध्याकाळी घरी यायचं असतं. दिवाळीनंतर पाचच्या पुढं अंधारायला लागतं.

हे सगळं अर्जात येऊ शकतं, फक्त ते मोजून आणि दाखवून यायला हवं:

१. वस्तीतल्या सगळ्यात लांबच्या घरापासून नव्या शाळेच्या फाटकापर्यंत, मूल ज्या वाटेनं जाईल त्याच वाटेनं, मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलच्या नकाशावर चालण्याचा मार्ग लावून अंतर मोजा. गावाच्या वेशीपासून मोजू नका.
२. सातवी-आठवीच्या एका मुलाला बरोबर घेऊन तीच वाट चालून पाहा. लागलेला वेळ लिहा.
३. महामार्ग ओलांडण्याची जागा, ओढा, पूल नसलेला भाग, दिवे नसलेला भाग यांचे तारखेसह फोटो काढा.
४. एका कागदावर हातानं कच्चा नकाशा काढा. त्यावर प्रत्येक घर आणि त्या घरातली शाळकरी मुलं दाखवा.
५. हा नकाशा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवून त्यावर अध्यक्ष व मुख्याध्यापकांच्या सह्या घ्या.

सही झालेला नकाशा नुसत्या निवेदनापेक्षा कितीतरी जड ठरतो. समोरच्या अधिकाऱ्याला तो खोडून काढायचा तर स्वतः येऊन मोजावं लागतं, आणि ते त्यांनी करावं हीच तुमची मागणी आहे.

पट: वर्गातला आणि पोर्टलवरचा

शाळा राहणार की जाणार हे पटावर ठरतं, आणि तो पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं नव्हेत. शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद झालेली आणि आधार जुळलेली मुलं म्हणजे पट. संचमान्यतेसाठी साधारणपणे ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात. आधारवरचं नाव, जन्मतारीख किंवा लिंग शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही तर मूल वर्गात असूनही मोजलं जात नाही. वीस मुलांच्या शाळेत अशा तीन नोंदी अडकल्या तर शाळा कमी पटाच्या यादीत जाते.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना विचारा की आमच्या शाळेत आधार न जुळलेली मुलं किती. दुरुस्ती पालकांनाच आधार केंद्रावर जाऊन करावी लागते. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी ते काम उरकता येतं. जन्मदाखला आधी नीट करून घ्या, आधार त्यावरून दुरुस्त करा, उलटं करू नका.

दुसरी अडचण ऊसतोडीची. पैठण तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. मुलं बरोबर गेली की हजेरी कोसळते आणि तपासणीच्या वेळी वर्ग रिकामा दिसतो. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यात मूल गावातच राहतं, त्याच्या जेवणाची आणि देखरेखीची सोय होते. ती आपोआप सुरू होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीला स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करून वेळेत मागणी करावी लागते. मूल बरोबर न्यावंच लागलं तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत त्याला बसता येईल. मुलाचं नाव तुमच्या शाळेतून कमी करायला सांगू नका.

खोटा पट मात्र कुणीही दाखवू नये, कितीही चांगल्या हेतूनं असला तरी. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी झाली ती बोगस पटामुळेच, आणि तेव्हापासून लहान शाळांकडे संशयानं पाहिलं जातं. एक बोगस नाव सापडलं की तुमच्या खऱ्या मुलांचा अर्जही संशयात जातो.

पालकांतच दोन तट पडले तर

हा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि तो टाळून चालणार नाही. मूळ गावठाणातल्या पालकाला शाळा गावात राहावी असं वाटतं, त्यात गावाचा मानही असतो. तांड्यावरच्या किंवा शेतवस्तीवरच्या आईला काळजी रस्त्याची असते. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांना मोठी शाळा हवी असते, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं: पाच वर्गांना एक-दोन शिक्षक, खेळायला संघ होत नाही, इंग्रजी-गणिताला स्वतंत्र शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना वेगळे शिक्षक सांगितले आहेत. लहान शाळेत ते मिळत नाहीत हे उघड आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीतून हलवू नये. सहा-सात वर्षांचं मूल रोज वाहनावर अवलंबून ठेवलं की ज्या दिवशी वाहन येत नाही त्या दिवशी त्याची शाळा बुडते, आणि सगळ्यात आधी बुडते ती मुलीची. सहावीच्या पुढं मात्र, सोय लेखी आणि खात्रीची असेल तर, मोठ्या शाळेला आंधळा विरोध करू नये. तुमच्या गावात दोन्ही गटांना मान्य होईल असा ठराव बहुतेक इथंच सापडतो.

सभा घेताना हे सांभाळा:

- सभा संध्याकाळी घ्या, मजुरीवरून लोक परतल्यावर. दुपारच्या सभेत फक्त मोकळी माणसं येतात.
- शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. सभेत त्या महिला नुसत्या सहीपुरत्या नसाव्यात. वाटेची भीती त्याच बोलतात.
- ‘शाळा हवी की नको’ असं मतदान घेऊ नका. प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहा: नाव, इयत्ता, घर, आत्ताचं अंतर, नवं अंतर, काय सोय लागेल.
- सहावी-सातवीच्या मुलामुलींनाही विचारा. आपल्याला ठाऊक नसलेल्या वाटेवरच्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात.
- ठराव लिहून, वाचून दाखवून मगच सह्या घ्या. कोऱ्या कागदावर सही कुणीही करू नये. ‘पालकांची संमती’ म्हणून पुढं तोच कागद लागतो.

होकार देण्याआधी लेखी मागा

तोंडी आश्वासनाला शाळेच्या दप्तरात जागा नसते. पुढच्या गोष्टी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीनं मिळाल्याशिवाय संमतिपत्र देऊ नका:

१. कोणत्या तारखेपासून कोणती मुलं कोणत्या शाळेत जातील, त्यांच्या नावांची यादी.
२. वाहनाची सोय कोण करणार, कोणत्या वाटेनं, किती वाजता, आणि खर्च कोणत्या निधीतून.
३. वाहन बंद पडलं तर काय, आणि त्याची तक्रार कुणाकडे.
४. नव्या शाळेत वाढलेल्या मुलांसाठी खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह, पाणी आणि पोषण आहाराची व्यवस्था.
५. आताच्या शाळेतले शिक्षक मुलांबरोबर त्या शाळेत जाणार की दुसरीकडे.
६. रिकाम्या होणाऱ्या शाळेच्या इमारतीचं काय करणार. अंगणवाडी तिथंच भरत असेल तर तिचाही प्रश्न उभा राहतो.
७. सहा महिन्यांनी हजेरीचा आढावा. किती मुलं गळाली हे समितीसमोर ठेवण्याचं बंधन.

सातवा मुद्दा अधिकाऱ्यांना नको असतो. तो सोडू नका. जुन्या शाळेतली जी मुलं नव्या शाळेच्या हजेरीपटावर कधी आलीच नाहीत, ती या आढाव्याशिवाय कुणाच्याच लक्षात येत नाहीत.

जाण्यायेण्याची सोय: कोणती योजना कुणाला

- वाहतूक भत्ता: नियमाच्या अंतरात शाळा नसलेल्या वस्तीतल्या मुलांना समग्र शिक्षेतून वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत भत्ता मिळू शकतो. वस्तीचं नाव आधी त्या वर्षीच्या प्रस्तावात जावं लागतं, म्हणून मागणी शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या बरीच आधी करा. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं.
- मुलींना एसटी मोफत: अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. शाळेचा बोनाफाईड दाखला लागतो.
- मुलांना सवलतीचा पास: विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अलीकडे एसटी महामंडळ शाळेतच पास देतं. त्यासाठी मुख्याध्यापकांनी यादी आगाराला पाठवायची असते. ती पाठवली का, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारा.
- मानव विकासच्या बस आणि सायकली: मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र बस आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना आहे. तुमच्या गावाला तिचा लाभ मिळतो का हे मुख्याध्यापकांकडून समजून घ्या.

पास असून बस थांबत नाही, ही तक्रार सगळीकडची आहे. थांबा मंजूर नसेल तर पास निरुपयोगी ठरतो. म्हणून आगार व्यवस्थापकांना ग्रामपंचायतीच्या ठरावासह थांब्याची आणि शाळेच्या वेळेशी जुळणाऱ्या फेरीची मागणी करा. अर्जात ‘बस वाढवा’ असं न लिहिता किती मुलं, कोणता फाटा, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ हे लिहा. आगाराला फेरी आखताना तेवढंच लागतं.

खासगी जीप ठरवणार असाल तर टपावर आणि मागच्या पायरीवर एकही मूल नको. २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. वाहन, परवाना आणि चालकाची माहिती तिच्यापुढं ठेवायला सांगा.

दाखला अडवला किंवा प्रवेश नाकारला तर

आठवीपर्यंत शाळा बदलून घेणं हा मुलाचा हक्क आहे, आणि मागितल्यावर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. वयाचा पुरावा नाही, प्रवेशाची तारीख उलटली, ही कारणंही चालत नाहीत. प्रवेशासाठी परीक्षा किंवा देणगी घेता येत नाही. दाखल्याअभावी अडलेल्या नववी-दहावीच्या मुलांना प्रवेश द्यावा, अशा सूचना शासनानं २०२१ मध्ये दिल्या आहेत.

शाळा स्वतःहून समायोजित केली असेल तर दाखले पालकांनी गोळा करत फिरायचं नसतं. मुलांची नोंद जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे पोर्टलवर वर्ग झाली पाहिजे. ती झाली की नाही ते मात्र तुम्ही तपासा. अर्धवट राहिलेल्या नोंदीमुळे शिष्यवृत्ती अडकते, आणि ते कळतं फार उशिरा.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या, खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठीही अंतर मोजलं जातं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर अचूक दाखवा. चुकीच्या खुणेमुळे सोडतीत लागलेला प्रवेशही पडताळणीत रद्द होतो.

अकरावीचा मामला निराळा आहे. २०२५-२६ पासून सगळ्या राज्याचे अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. म्हणजे पाचोडच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचं असलं तरी अर्ज पोर्टलवरूनच. पहिल्या पसंतीला जे कॉलेज लिहाल ते मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. रोज जाऊन-येऊन करता येणार नाही असं शहरातलं कॉलेज पहिल्या पसंतीला भरू नका.

तक्रार कुणाकडे, कोणत्या क्रमानं

१. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. ठराव इथून सुरू होतो.
२. ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या सभांत विषय घ्या. विषयपत्रिकेवर यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी द्या.
३. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, पैठण.
४. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर. पहिली ते आठवीसाठी प्राथमिक, हायस्कूलसाठी माध्यमिक. चुकीच्या विभागाकडे गेलेला अर्ज महिनाभर टेबलांवर फिरतो.
५. शिक्षण हक्काची तक्रार. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं तक्रारदाराला ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.
६. जिल्ह्याचा लोकशाही दिन, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.
७. उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. खर्चाच्या भीतीनं मागं हटू नका. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

बरोबरीनं माहितीचा अधिकार वापरा. शाळा बंद करण्याच्या प्रस्तावाची प्रत, अंतराचा तक्ता आणि त्यावरचे शेरे मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, म्हणून तीन गोष्टी एकत्र कोंबू नका. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही.

शाळेला कुलूप लावणं, मुलांना परीक्षेपासून दूर ठेवणं, पंचायत समितीसमोर मुलांना बसवणं हे टाळा. बातमी होते, पण गैरहजेरी मुलांच्या नावावर चढते, आणि ज्या पटावर शाळा टिकवायची तोच पडतो.

अर्जाचा नमुना

पुढचा मजकूर हातानं लिहिला तरी चालेल. दोन प्रती करा. एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. कार्यालयानं पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा.

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, पैठण

विषय: आमच्या वस्तीवरील शाळेच्या समायोजनाच्या प्रस्तावाबाबत.

महोदय,
आम्ही खाली सह्या करणारे पालक ……… वस्ती, मौजे ……… येथील रहिवासी आहोत. येथील शाळेतील ……… मुलांना ……… येथील शाळेत दाखल करण्याचा प्रस्ताव असल्याचे समजते. मुलांच्या नेहमीच्या वाटेने हे अंतर ……… किलोमीटर असून वाटेत ……… आहे. शाळा व्यवस्थापन समितीने दि. ……… रोजी प्रमाणित केलेला नकाशा व मुलांची यादी सोबत जोडली आहे.

आमची विनंती: १) आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने पालकांसमक्ष अंतराची प्रत्यक्ष पाहणी करावी. २) पाहणी व सुनावणी होईपर्यंत मुलांना आहे त्याच शाळेत ठेवावे. ३) पहिली ते पाचवीचे वर्ग वस्तीवरच चालू ठेवावेत. ४) सहावीपुढील मुलांबाबत निर्णय झाल्यास वाहतुकीचा लेखी आदेश आधी काढावा. ५) प्रस्तावाची प्रत आम्हांस द्यावी.

सोबत: समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, नकाशा, फोटो, मुलांची यादी.

प्रत माहितीसाठी: शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर, सरपंच, ग्रामपंचायत ………, आगार व्यवस्थापक, एसटी.